भूमला उतारू आहेत

मुंबईहून आलेले पाहणीचे साहेब ‘भूमला बसस्टँड परवडणार नाही’ असं लिहायला बसले होते, आणि सगळं गाव तोंडात मिठाची गुळणी धरून गप्प होतं. त्या गावाशी, त्या साहेबांशी आणि माझ्या सासऱ्यांशी मी एकाच सकाळी भांडले. भांडखोर म्हणून माझं नाव झालं ते तेव्हापासून. झालं तर झालं.

गोष्ट महाराष्ट्र राज्य होण्याच्या आदल्या सालची. निजामी कधीच संपली होती, आम्ही मुंबई राज्यात आलो होतो, कचेरीतली उर्दू जाऊन मराठी आली होती आणि गावोगाव मुलींच्या शाळा निघत होत्या. शाळांना मास्तरणी मात्र मिळत नव्हत्या. मी अणदूरची लेक. वडिलांनी हट्टानं मला सातवीच्या फायनल परीक्षेला बसवलं होतं आणि मी पास झाले होते. लग्न होऊन भूमला आले. माझे यजमान शांतलिंग यांनी कुणाला न सांगता माझा अर्ज केला आणि परांड्याच्या मुलींच्या शाळेवर माझी नेमणूक झाली. सकाळच्या गाडीनं जायचं, संध्याकाळच्या गाडीनं परतायचं. दिवाळीची सुटी संपून शाळा उघडेल त्या दिवशी हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसरीला जाणार होती.

माझे सासरे बंडप्पा यांची गावात धान्याची अडत होती. मुलींच्या शाळा निघाल्या पाहिजेत म्हणून त्यांनी कचेरीपुढं भाषण ठोकलं होतं, त्यामुळं सुनेला ‘शिकवायला जाऊ नको’ असं उघड म्हणायची त्यांची सोय राहिली नव्हती. मग त्यांनी वाट काढली. मी चुलीपाशी असताना, मला ऐकू जाईल अशा बेतानं ते मुलाला म्हणाले, “बंडप्पाची सून वाटंवर ताटकळणार न्हाय. स्टँड हू द्या, बायांला बसायला खोली हू द्या, मग खुशाल जा म्हणाव.” सासऱ्यांनी सुनेशी थेट बोलायचं नाही ही आमच्या घरची रीत, म्हणून ते ‘म्हणाव’. माझ्याशी त्यांचं सगळं बोलणं असं दुसऱ्याच्या खांद्यावरून चालायचं.

मला जास्त राग याचा आला, की त्यांनी दिलेलं कारण खोटं नव्हतं. भूमला तेव्हा एस.टी. थांबायची ती परांडा रस्त्याच्या नाक्यावर, दादामियाँच्या हाटेलापुढं, एका कडुलिंबाखाली. सावली पुरुषांची, बाकडी पुरुषांची. बाया रस्त्याच्या पलीकडं एका पडक्या भिंतीला, तोंड भिंतीकडं करून गाठोड्यांवर बसायच्या. गाडी कधी वेळेवर यायची नाही. कुठं आडोसा नाही, म्हणून गाडीनं जायचं असलं की बाया सकाळपासून पाण्याचा घोट घेत नसत. बाळंतपणाला माहेरी निघालेली एक पोरगी त्याच भिंतीशी चक्कर येऊन पडलेली मी पाहिली होती. बाकड्यावरचा एकही माणूस उठला नाही, कारण परक्या बाईला हात कसा लावायचा. असल्या लाजेची मला मनापासून चीड आहे.

अशात बातमी आली की भूमला स्टँड बांधायचं का नाही, याची पाहणी करायला एक साहेब येणार. मला देव पावल्यासारखं झालं.

साहेब मूळचे मंगळूरकडचे, मुंबईत वाढलेले. याआधी त्यांनी समुद्रावर बोटींच्या धक्क्यांची पाहणी केली होती. बोटीच्या उतारूंसाठी पक्की इमारत बांधली तर तिचा खर्च भरून निघेल का, हे त्यांनी सांगायचं आणि मग वरच्यांनी बांधायचं का नाही ते ठरवायचं. आता तेच काम ते गाड्यांच्या स्टँडासाठी करत होते. दादामियाँ त्यांना ‘बोटीवाले साहेब’ म्हणायचे. ज्या तालुक्यात प्यायच्या पाण्याची बोंब, तिथं बोटीवाला साहेब आला, याची गावाला फार गंमत वाटली.

त्यांचा हिशेब सरळ होता. नाक्यावरून माणसं किती जातात आणि कुठं जातात ते मोजायचं. पुरेशी निघाली तर छप्पर, बाकडी, नळ, बायांची खोली, संडास. नाही निघाली तर लिंबाचं झाड आहेच. बाजाराच्या दिवशी त्या नाक्यावर पाय ठेवायला जागा नसायची, त्यामुळं मला काळजीच वाटत नव्हती. मी आपली मनातल्या मनात परांड्याच्या पोरींना मुळाक्षरं शिकवायला लागले होते.

साहेबांनी लिंबाखाली टेबल मांडलं आणि गाडीला आलेल्या एकेका पुरुषाला हसतमुखानं विचारायला सुरुवात केली, “कुठे चाललात?”

आता आमच्याकडं निघालेल्या माणसाला ‘कुठं’ म्हणून कुणी विचारत नाही. विचारायचंच झालं तर ‘लांब का?’ म्हणतात. ‘कुठं’ म्हटलं की कामाला खोडा पडला. मग माघारी फिरायचं, घटकाभर टेकायचं, पाणी प्यायचं आणि नव्यानं निघायचं. आमच्या पोरांना हे कधी शिकवावं लागत नाही. साहेबांना ते कुणी शिकवलं नव्हतं. बंदरावर धावपळीत कुणाला या ‘कुठे’चं काही वाटत नसावं.

पहिल्याच दिवशी जो तो चपापला. कुणी म्हणालं, ‘कुठं न्हाय.’ कुणी म्हणालं, ‘हितंच, बसलोय आपला.’ कोर्टाच्या तारखेला निघालेला एक जण कपाळाला हात लावून घरी गेला. पण कामं तर सगळ्यांनाच होती. मग लोकांनी युक्ती काढली. नाक्यावर फिरकायचंच नाही. मागच्या पांदीच्या वाटेनं ओढ्याच्या पुलावर जायचं आणि तिथं हात करून गाडी थांबवायची. चार बाया सोडल्या तर नाक्यावरून गाडी रिकामी निघायची आणि पुलावर खच्चून भरायची. साहेब इमानेइतबारे रिकामी गाडी लिहून घ्यायचे. ‘कुठं न्हाय’ म्हणणाऱ्यांना तर त्यांनी उतारूत धरलंच नाही. ज्याला जायचं ठिकाण नाही तो उतारू कसला, असा त्यांचा नियम होता.

आणि बाया? परक्या बायांना काही विचारणं बरं दिसत नाही, या सभ्यपणापायी साहेबांनी भिंतीकडं नजरसुद्धा टाकली नाही. त्यामुळं त्या मोजणीत बाई म्हणून कुणी नव्हतीच.

यातलं निम्मं मला घरी मामंजींच्याच तोंडून कळलं. साहेबांना त्यांनी दुकानात चहाला बोलावलं होतं. संध्याकाळी सोप्यात बसून, मी ऐकतेय हे पाहून, ते मुलाला सगळं रंगवून सांगत होते. भूमच्या लोकांना प्रवासाची गरजच नाही, ती नुसती गाडी बघायला जमतात, असं साहेबांचं मत पडलं होतं. उद्या सकाळची गाडी मोजली की ते दुपारी जाणार आणि स्टँड दुसऱ्या कुठल्या तालुक्याला सुचवणार. लोक पुलावर कसे पळतात हे सांगताना मामंजींना हसू आवरत नव्हतं.

मी दाराआड उभी होते. मला राहवलं नाही. “मामंजी, लोक पुलावर का जात्यात ते तुमी सायबाला सांगितलं का?”

ते माझ्याकडं न बघता म्हणाले, “शांतलिंगा, तिला म्हणाव, म्या काय सायबाचा मास्तर हाय का?”

म्हणजे त्यांना सगळं ठाऊक होतं. खुद्द तेच एक दिवस बार्शीला निघाले होते आणि साहेबांच्या ‘कुठे’पायी माघारी येऊन सोप्यात पाणी पीत बसले होते, तांब्या मीच नेऊन दिला होता. एक वाक्य बोलले असते तर साहेबांची चूक तिथंच उलगडली असती. ते बोलले नाहीत, कारण स्टँड नाही तर सुनेची शाळाही नाही. दिलेला शब्द न मोडता मला घरात ठेवायची ही फुकटची सोय त्यांना सापडली होती. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

परसात मी यजमानांना सांगितलं, उद्या शाळा उघडतेय आणि मी जाणार आहे. ते चांगले होते, पण वडिलांपुढं त्यांचा आवाज फुटत नसे. आप्पा काय म्हणतील, एवढंच ते म्हणाले. मी म्हटलं, जे म्हणतील ते तुमच्याकडं बघूनच म्हणतील, तेव्हा तुम्ही ऐका.

सकाळी अंघोळ, पूजा आटोपली. कपाळाला विभूती लावली, इरकल नेसले, नेमणुकीचा कागद पिशवीत घातला आणि पुढच्या दारानं निघाले. माझ्या थोरल्या जाऊबाई इरम्मा यांनी फडक्यात बांधलेली भाकरी माझ्या हातात ठेवली.

नाक्यावर भिंतीशी नेहमीच्या बाया होत्या. त्यांत हुसेनबी होती. ती गावोगाव बांगड्या भरायची. आमच्याही घरी यायची आणि हात चेपताना दुनियेच्या बातम्या सांगायची. तिला मी दोन शब्दांत सगळं सांगितलं. ती म्हणाली, “मग बसलीस काय, जा की. आमी हायेत मागं.” मी रस्ता ओलांडून लिंबाखाली गेले. त्या सावलीत त्याआधी कुठलीही बाई आलेली मी पाहिली नव्हती.

“साहेब, मला विचारा.”

साहेब गडबडून उठले. बायकांना विचारायची पद्धत नाही, असं काहीतरी म्हणाले. मी म्हटलं, “का? आमाला तिकीट लागत न्हाय का?”

मग मी त्यांना ‘कुठं’ची सगळी भानगड सांगितली. आमची माणसं पुलावर का जातात, ‘कुठं न्हाय’ म्हणणारा माणूस खरं तर कसा बार्शीला निघालेला असतो, आणि या भिंतीशी बसलेल्या बाया दर बाजारी कशा जातात. त्यांना आधी ते खरंच वाटेना. मग त्यांनी चष्मा काढला आणि ते बाकड्यांकडं वळले. “इतके दिवस मी इथे बसलोय,” ते म्हणाले. “तुमच्याच गावाचं काम आहे. मला एकानंही का सांगितलं नाही?”

दादामियाँ धुतलेले कप पुन्हा धुवायला लागले. मला साहेबांचा तो प्रश्न फार आवडला. मीही आदल्या संध्याकाळी घरी तोच विचारला होता.

मी त्यांना म्हटलं, ‘लांब का’ असं विचारा, लोक आपणहून सांगतील. साहेबांनी मान हलवली. छापलेला प्रश्न त्यांना बदलता येत नव्हता. सगळीकडं एकच प्रश्न, नाहीतर एका गावाची दुसऱ्या गावाशी तुलना कशी करायची? त्यात लबाडी नव्हती, ते खरंच अडले होते. आणि गाडी यायची वेळ होत आली होती.

“मग हाच विचारा,” मी म्हटलं.

साहेबांनी चष्मा पुन्हा चढवला. मग हळू आवाजात म्हणाले, “कुठे चाललात?”

मागं भिंतीकडून कुणीतरी ‘अगं बया’ म्हटलेलं मला ऐकू आलं. लहानपणापासूनची भीती एका सकाळीत जात नाही, आणि मी तर नोकरीच्या पहिल्याच दिवसाला निघाले होते. तरी सगळ्यांना ऐकू जाईल अशी मी बोलले. “परांड्याला. मुलींच्या शाळेवर. आज, उद्या आन् रोज. उमाबाई नाव. बंडप्पा अडत्यांची सून.”

साहेबांनी लिहून घेतलं. तेवढ्यात हुसेनबी बांगड्यांची पाटी डोक्यावर घेऊन टेबलाशी येऊन ठेपली. तिनं प्रश्नाची वाटसुद्धा पाहिली नाही. “हुसेनबी. परांडा लिवा. फुडच्या बाजाराला बार्शी लिवा. कुठं म्हनून खुशाल इचारा, साहेब. माझं बरंवाईट अल्लाच्या हातात हाय, तुमच्या इचारन्यात न्हाय.”

मग मात्र भिंत मोकळी झाली. एकेक बाई उठून सावलीत आली. कुणी लेकीकडं निघालेली, कुणी दवाखान्याला, कुणी भाजी घेऊन. एकीनं डोळे गच्च मिटून गावाचं नाव सांगितलं. एक म्हातारी अपशकुन टाकावा तशी आधी पचकन थुंकली आणि मग आमच्या शेजारच्या गावाचं नाव म्हणाली, ‘वाशी.’ दादामियाँनी खांद्यावरचं फडकं टाकलं आणि ते स्वतः पुलाकडं पळत सुटले. गावाच्या कळवळ्यानं पळाले असं मी म्हणणार नाही. गिऱ्हाईक पुलावर गेल्यापासून त्यांचा चहा खपत नव्हता. पण ते सगळ्यांना घेऊन आले. बाया सांगून मोकळ्या झाल्यात म्हटल्यावर पुरुषांना मागं राहायची चोरी झाली. त्यांनी कुरकुरत का होईना, आपापली गावं सांगितली. साहेबांना लिहायला हात पुरेना.

मामंजींना खबर लागायला काय उशीर? ते दुकानावरून तसेच, डोक्याला पटका न बांधता आले. मागोमाग यजमान. गर्दी आपोआप बाजूला झाली. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा ते माझ्याकडं बघून बोलले.

“घरी चला. स्टँड झाल्यावर जायाचं ठरलं हाय.”

त्यांनी थेट बोलायचं म्हटल्यावर मलाही थेट बोलायची मुभा मिळाली होती.

“मामंजी, स्टँड उतारूंसाठी बांधत्यात,” मी म्हटलं. “उतारू न्हाईत म्हणून स्टँड न्हाय, आन् स्टँड न्हाय म्हणून आमी उतारू व्हायचं न्हाय. आसं धरून बसलो तर ह्या भिंतीशी आमच्या नाती बसतील. म्या आदी जाणार. तुमचं स्टँड मागनं येऊ द्या.”

त्यांचा चेहरा लालबुंद झाला. गावादेखत सुनेच्या तोंडी लागायचं नव्हतं, म्हणून ते मुलाकडं वळले आणि हिला घरी घेऊन जा म्हणाले. यजमान माझ्याजवळ आले. त्यांनी माझ्या हातातली पिशवी घेतली. तेवढ्यात वळणावर गाडीचा हॉर्न वाजला.

“गाडी आली, आप्पा,” ते म्हणाले. आणि पिशवी घेऊन ते गाडीच्या दाराशी जाऊन उभे राहिले.

त्या माणसानं आयुष्यात मला एवढं सुख दुसऱ्या कशानं दिलं नाही. मी चढले, माझ्यामागं हुसेनबी चढली, तिच्यामागं बाकीच्या. आम्ही सगळ्या पुढच्या बाकांवर बसलो. पुलावरून गाडी न थांबता गेली, कारण पुलावर कुणी नव्हतं. हुसेनबीनं माझे हात आपल्या मांडीवर धरून ठेवले होते. परांड्याला शाळेत गेले तर पोरी दारातच उभ्या. नवी बाई येणार म्हणून आल्या होत्या, आणि खरंच आली याचं त्यांना नवल वाटत होतं.

दिवाळीपासून शिमग्यापर्यंत मामंजी माझ्याशी बोलले नाहीत, दुसऱ्याच्या खांद्यावरूनसुद्धा नाही. मी रोज गेले. उन्हात गेले, शिंतोडे पडत असताना गेले, लोकांच्या नजरा झेलत गेले. कधी गाडी आलीच नाही, तर कुणाच्या बैलगाडीतून परतले. आम्ही बाया त्या दिवसापासून लिंबाखाली बसायला लागलो. आधी पुरुष उठून जायचे, मग कंटाळून बसून राहायला लागले.

साहेबांचा अहवाल भूमच्या बाजूनं गेला. राज्य बदललं, कचेऱ्या बदलल्या, कागद कुठंतरी अडकला आणि सुटला, आणि एकदाची स्टँडची कोनशिला बसायची ठरली. नकाशात बायांची खोली होती. ती मी आधी कचेरीत जाऊन पाहून आले होते. मंचावर हारतुरे मामंजींना. त्यांनी भाषणात सांगितलं, की सुनेची अडचण ओळखून पाहणीच्या साहेबांना गावची रीत त्यांनीच समजावून दिली, म्हणून हे स्टँड मिळालं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत त्या सकाळी बाकड्यावर बसलेलेही होते. हे यजमानांनी मला रात्री जेवताना सांगितलं आणि मी रागावेन म्हणून ते भाकरी मोडत खाली बघत राहिले. मी रागावलेच.

पण ते भाषण मी ऐकलं नव्हतं. आदल्या संध्याकाळी मामंजी स्वयंपाकघराच्या दाराशी आले होते. मुलाला हाक न मारता, माझ्याकडं बघून म्हणाले होते, “उद्या घरीच ऱ्हावा. कोनशिलेला तुमी पायजेत. लोक इचारतील.”

मी भाकरी उलटली आणि म्हटलं, “उद्या शाळा हाय, मामंजी.”